डॅरिलचं तिसरं फेसयंत्र

डॅरिल प्रेंटिस दमलेला माणूस होता. एखाद्या दिवसापुरता नव्हे, कायमचाच. ऑस्ट्रेलियातल्या बोवेन गावात कोणी त्याला "कसं काय?" विचारलं की तो "चाललंय" म्हणायचा आणि ते इतक्या जड आवाजात म्हणायचा की विचारणाऱ्यालाच वाटावं, जरा टेकावं कुठेतरी. सकाळी शाळेची बस, मधल्या वेळात म्हाताऱ्या मंडळींना दवाखान्यात नि बाजारात नेणारी कौन्सिलची छोटी बस, दुपारी पुन्हा शाळेची बस. दिवसभर एकाच सीटवर बसून त्याच्या कमरेचे बारा वाजले होते. डॉक्टर म्हणायचा चालत जा, आणि डॅरिल म्हणायचा, बसमधून उतरू तर द्या.

घरी गेल्यावर बायकोने चहा पुढे करावा अशीही सोय नव्हती. लिनेट कोळशाच्या खाणीवर छावणीतल्या स्वयंपाकघरात कामाला होती. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, आणि घरचा आठवडा ती झोपून काढायची. बिचारीला बोलणार काय, चारशे माणसांचा नाश्ता करून आलेली बाई ती. तेव्हा घरात राहायचे दोघंच, डॅरिल आणि त्याची सासू नोला.

नोलाने उभा जन्म धक्क्याजवळच्या कोळंबीच्या शेडमध्ये काढला होता. बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी निवडायची, मोठी इकडे, बारकी तिकडे. बोटं सुजून गाठाळली, पण जिभेची धार काही कमी झाली नाही. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची ती बसूनच राहायची. रेडिओ नको, शेजारीण नको, अंगणात नको. डॉक्टरांनी सांगितलं, ही अशीच बसून राहिली तर पाय जातील, आणि मग घरी सांभाळणं होणार नाही. लिनेटने आईला न सांगता एअर गावच्या वृद्धाश्रमात तिचं नाव घालून ठेवलं होतं. डॅरिलला विचारलं तेव्हा तो "बघू" म्हणाला होता. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. आपल्याला बरं वाटलं, हे त्याला फारसं आवडलं नव्हतं.

जावयाबद्दल नोलाचं मत लग्नाच्या दिवशीच ठरलेलं होतं. बस चालवणं म्हणजे बसून पगार घेणं, असं ती चारचौघांत म्हणायची. त्याने केलेल्या जेवणाला ती नावं ठेवायची, त्याच्या चपलांच्या आवाजाला नावं ठेवायची. आणि सगळ्यात जास्त नावं ठेवायची त्याच्या माशांना.

बैठकीच्या खोलीत खिडकीच्या दुसऱ्या अंगाला सत्तर लिटरची एक काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. तिच्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, नवराबायको, आणि एक मऊसर प्रवाळाचा गोळा. मासे बारा वर्षांचे झाले होते. या घरातलं डॅरिलचं म्हणावं असं तेवढंच. संध्याकाळी बियरचा डबा घेऊन तो टाकीपुढे दहा-पंधरा मिनिटं बसायचा. काही करायचा नाही, नुसता बघायचा. तेवढ्यावर त्याचा दुसरा दिवस निघायचा.

"घरात मासा ठेवायचा आणि तळायचा नाही," नोला म्हणायची. "हे कुठलं शहाणपण, देव जाणे."

जुलैच्या सुरुवातीला टाकीचा स्किमर बंद पडला. ज्याने खाऱ्या पाण्याचे मासे पाळलेत त्यालाच हे दुखणं कळेल. माशांची घाण, उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं आणि पाणी हळूहळू नासतं. स्किमर म्हणजे एक उभी नळी. ती पाण्यात बारीक बारीक बुडबुडे सोडते, घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि वरच्या वाटीत तपकिरी फेस होऊन सांडते. साखर कारखान्यात उसाच्या रसावरची मळी काढतात, तसलाच प्रकार. वाटी भरली, घाण वास आला की समजायचं, पाणी खुशाल आहे.

डॅरिल नेव्हच्या दुकानात गेला. नेव्ह पुढे गळ, दोरे, आमिष विकायचा आणि मागच्या खोलीत हौशी लोकांसाठी टाक्यांचं सामान ठेवायचा. त्याने दोन स्किमर काढून फळीवर ठेवले. एक सडपातळ, टाकीच्या काठाला बाहेरून अडकवायचा. दुसरा जाडजूड, दुप्पट पाण्याचा. छोट्या टाकीला मोठा स्किमर लावू नये, असं नेव्हचं म्हणणं पडलं, फार चोपून साफ केलेल्या पाण्यात प्रवाळ फिका पडतो. डॅरिलने सडपातळ घेतला. मग नेव्हने सवयीने विचारलं, "हात धुऊनच घालतोस ना पाण्यात? साबण नाही, क्रीम नाही, तेल नाही?"

"बारा वर्षं मासे पाळतोय मी," डॅरिल म्हणाला. तेलकट हात पाण्यात गेला की बुडबुडे फुटतात आणि फेस मरतो, हे या छंदातल्या अगदी नवख्यालाही ठाऊक असतं.

नवीन यंत्र रविवारी लावलं. रात्री वाटीत फेस चढायला लागला होता. सोमवारी संध्याकाळी येऊन बघतो तर वाटी कोरडी. नळीत नुसतं पाणी खळखळतंय, फेसाचा पत्ता नाही. मंगळवारी सकाळी जरासा चढला, संध्याकाळी पुन्हा गप्प. आठवडाभर हेच. शनिवारी मात्र यंत्राला शहाणपण सुचलं. शनिवार-रविवार फेस चढला, वाटी भरली, वास सुटला. सोमवारी पुन्हा रुसलं.

"तुझं ते गुरगुरणारं काय आहे ते बंद कर," नोला खुर्चीतून म्हणाली. "शेजारचा कुत्रा बरा."

डॅरिलने यंत्र खोललं, धुतलं, जोडलं. कंबर धरून टाकीमागे वाकून वायरी तपासल्या. शेवटी हात टेकले आणि ते घेऊन नेव्हकडे गेला. नेव्हने बराच विचार करून निदान केलं की दोष विजेचा. टोमॅटोचा हंगाम जोरात होता, गावाबाहेरच्या पॅकिंग शेडमधली शीतगृहं सोमवार ते शुक्रवार चालायची, विजेचा दाब कमी होत असणार. शनिवार-रविवार शेड बंद, म्हणून यंत्र चालतं. हे इतकं पटण्यासारखं होतं की दोघंही आपल्यावर खूश झाले. नेव्हने कमी दाबावर चालणारा दुसरा दिला. तो आणखी मोठ्याने गुरगुरायचा. तोही सोमवारी संध्याकाळी गप्प झाला.

आता पाणी दिसायला लागलं होतं, म्हणजे गढूळ झालं होतं. प्रवाळाच्या गोळ्याने अंग आकसून घेतलं. माशांतली मादी एका कोपऱ्यात राहू लागली. डॅरिल बियर घेऊन बसायचा आणि बियर तशीच कोमट व्हायची. टाकी साफ करण्याइतकंही आपल्यात काही उरलं नाही, असं त्याला वाटायला लागलं. फोनवर लिनेट म्हणाली, इतका त्रास असेल तर देऊन टाक ना कुणाला. तिचा काही दुष्टावा नव्हता, तीही दमलेलीच होती. मग तिने दुसरा विषय काढला. एअरहून फोन आला होता, महिनाअखेर जागा रिकामी होणार होती. पुढच्या आठवड्यात सांगायचं होतं. डॅरिल म्हणाला, आई तुझी आहे, तू ठरव. लिनेट म्हणाली, दिवसभर तिच्याबरोबर तू असतोस. मग दोघांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिसरं यंत्र आणलं, तेच ते जाडजूड, दुप्पट पाण्याचं. हे जमलं नाही तर टाकी विकायची, असं त्याने मनाशी ठरवलं. बारा वर्षं झाली, पुरे.

त्याच्या पुढच्या सकाळी बसवर जाण्याआधी त्याने ते लावलं. मेरेआनी नुकतीच आली होती. मेरेआनी फिजीची, सोमवार ते शुक्रवार सकाळी नोलाला अंघोळ घालायला, कपडे करायला यायची. ती नोलाला बुबू म्हणायची, तिच्याकडे आजीला म्हणतात तसं. आणि जगात कोणाचं न ऐकणारी नोला तिच्यापुढे हात पसरून बसायची. मेरेआनी घरून आणलेलं खोबरेल कोमट करून तिच्या गाठाळलेल्या बोटांना चोळायची. दवाखान्याची तीन मलमं झाली होती, पण कातडी फुटून रक्त यायचं थांबलं ते या तेलाने.

"मिस्टर डॅरिल, आज काय, नवीन खेळणं?" मेरेआनीने विचारलं.

"शेवटचं," डॅरिल म्हणाला.

त्या दिवशी दोन वाजता त्याच्या बसचं इंजिन तापलं. डेपोने दुपारची फेरी दुसऱ्याला दिली आणि त्याला सांगितलं, जा घरी. दिवसाढवळ्या घरी जायचं म्हणजे काय करायचं, हेच त्याला सुचेना. तो चालत निघाला. म्हणून नेहमीचा बसचा आवाज गल्लीत आला नाही, फाटकही वाजलं नाही, आणि तो जाळीच्या दारापाशी पोचला तेव्हा आत कोणाला कळलं नाही.

खुर्ची रिकामी होती.

त्याने जाळीला नाक लावून आत पाहिलं. मग त्याला ती दिसली. नोला टाकीपाशी उभी होती. काठी खुर्चीलाच टेकलेली. डावा हात टाकीच्या काठावर, उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडलेली आणि तो हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात. तळवा वर करून तिने बोटं सैल सोडली होती. दुपारच्या तिरप्या उन्हात पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग हलत होता. खोबरेलाचा वास दारापर्यंत येत होता.

तीन यंत्रं, तीन आठवडे. शीतगृहं, विजेचा दाब. आणि ही. डॅरिलला इतका राग आला की त्याने दाराची कडी धरली. बारा वर्षं जपलेली टाकी, जिला नावं ठेवायचं हिने कधी सोडलं नाही, आणि आता हिनेच तिचं गटार करायला घेतलं. आज एकदाचं बोलायचंच, लग्नापासूनचं सगळं.

मग मादी कोपऱ्यातून निघाली. ती नोलाच्या तळव्यात आली आणि अंग घासत बोटांमध्ये वळली, जसं हे मासे आपल्या घरट्यात वळतात तसं. मागून नर आला. नोला अगदी स्थिर उभी होती.

"आलीस का," ती म्हणाली. "काल कुठे होतीस? मला वाटलं मेलीस." जरा थांबून म्हणाली, "तुला तरी नीट घालतो का गं खायला? मला रोज तेच सॉसेज. वरून काळं, आतून कच्चं. बोलायची सोय नाही, लगेच तोंड पडतं त्याचं."

डॅरिलने कडी सोडली. असा मऊ आवाज तिने गेल्या दोन वर्षांत कुणाशी बोलताना काढला नव्हता. आणि ती उभी होती. खुर्चीपासून टाकीपर्यंत ती आपल्या पायांनी गेली होती, काठीशिवाय, भिंतीला हात लावत. रोज जात असणार. तो बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंतच्या वेळात, म्हणजे त्याला कळू नये म्हणून. बारा वर्षं ज्या माशांना हसली त्यांच्याशी गप्पा मारताना ती सापडली असती तर तिने जीभ चावून घेतली असती. पुन्हा कधी त्या बाजूला फिरकली नसती, हे डॅरिलला पक्कं माहीत होतं. चाळीस वर्षं ओळखत होता तो या बाईला.

तो पाय न वाजवता मागे फिरला आणि गल्लीच्या टोकाला कठड्यावर जाऊन बसला. आधी राग होता, मग लाज वाटली, आणि शेवटी नेहमीचा थकवाच उरला. झाकण बसवता आलं असतं. तिला सांगता आलं असतं, नोला, हात धुऊन घाल. मेरेआनीला सांगता आलं असतं, तेल बंद कर. एकेक करून त्याने सगळं मनात करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी खुर्चीत बसलेली नोलाच दिसली. नेहमीच्या वेळेला तो उठला, फाटक जोरात आपटलं, चपला वाजवत घरात शिरला. नोला खुर्चीत होती, बाही खाली ओढलेली. बाहीची कड ओली होती.

"आज बस नाही वाजली," ती म्हणाली.

"तापली होती."

"चालवणाऱ्याचा दोष."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मेरेआनीला सहज विचारावं तसं विचारलं, म्हातारी चालते-बिलते का हल्ली. मेरेआनी म्हणाली, पाय कितीतरी बरे आहेत, अंघोळीला आता धरावं लागत नाही. मग आवाज खाली करून म्हणाली, "बुबू स्वतः उठते. मी विचारलं, तर म्हणे खिडकी लावायला उठते. खिडकी तर बंदच असते."

"असू दे," डॅरिल म्हणाला. "तिला काही बोलू नकोस. आणि तेल चालू ठेव."

शनिवारी तो तिसरं यंत्र घेऊन नेव्हच्या दुकानात गेला. नेव्हने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, याला तर काहीच झालेलं नाही. डॅरिल म्हणाला, नाही झालं. मग सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. नेव्हने ऐकून घेतलं. विजेच्या दाबाबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

"मग आता कुठला देऊ?" नेव्हने विचारलं.

"कुठलाच नको. एवढीशी टाकी. पाणी बदलत राहिलं तर यंत्राशिवाय चालेल ना?"

"चालेल. जुने लोक तसंच करायचे. पण आठवड्यातून दोनदा बदलावं लागेल राव, आणि तेल जातंय म्हणजे जास्तच. समुद्रावरून कॅन भरून आणायचे, वर चढवायचे. तुझी कंबर?"

"तिचं काय, ती गेलेलीच आहे," डॅरिल म्हणाला.

तेव्हापासून डॅरिलच्या मागे आणखी एक काम लागलं. बुधवारी आणि रविवारी भरती पाहून, पाणी पूर्ण चढलं की तो धक्क्यावर जायचा, दोरीला बादली बांधून स्वच्छ पाणी ओढायचा, कॅन भरायचा. धक्क्यावर गळ टाकून बसलेले ओळखीचे लोक विचारायचे, यंत्र वगैरे मिळत नाही का आता? तो म्हणायचा, मिळतात, टिकत नाहीत. घराच्या पायऱ्या चढताना तो मध्ये एकदा थांबायचा. आठवडा-दीड आठवड्यात पाणी निवळलं. प्रवाळाने अंग सोडलं. मादी कोपऱ्यातून बाहेर आली. टाकीमागे वाकायचं म्हणजे तो तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा, कुणाला ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

लिनेटला त्याने फोन केला. एअरला सांग, सध्या नको, म्हणाला. तिने विचारलं, अचानक काय झालं? तो म्हणाला, चालते हल्ली. फोनवर लिनेटचं नाक ओढणं ऐकू आलं.

नोलाने अर्थातच सोडलं नाही. घरात एवढी तीन यंत्रं आली नि गेली आणि शेवटी माणूस गाढवासारखं पाणी वाहतोय, यावर तिने आठवडाभर तोंडसुख घेतलं. डॅरिल ऐकून घ्यायचा. संध्याकाळी बियर घेऊन टाकीपुढे बसला की पाण्यावर कधी कधी तेलाचा एखादा रंगीत ठिपका तरंगताना दिसायचा. तो कागदाच्या रुमालाने टिपून घ्यायचा आणि रुमाल खिशात घालायचा.

ऑगस्ट निम्मा सरला होता, पण थंडी सरली नव्हती. एका बुधवारी भरती उशिरा होती आणि तो फारच दमला होता. आणलेले कॅन दिवसभर व्हरांड्यात उन्हात ठेवून कोमट करायचे असतात. त्याला तेवढा धीर निघाला नाही, आणि समुद्राचं थंडगार पाणी त्याने तसंच टाकीत ओतलं. मासे जरा बावरले, पण मग ठीक झाले. तो झोपून गेला.

गुरुवारी रात्री तो स्वयंपाकघरात सॉसेज परतत होता, या वेळी बारीक आचेवर, झाकण ठेवून. नोला खुर्चीत होती. बराच वेळ ती गप्प होती, म्हणजे काहीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं.

"डॅरिल," ती म्हणाली. ती त्याला नावाने क्वचितच हाक मारायची.

"काय?"

"काल पाणी फार गार घातलंस. तिला सोसत नाही."

डॅरिलच्या हातातला झारा तसाच राहिला. त्याने वळून पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, खोबरेलाने चमकणारे.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी उन्हात ठेवतो."

आणि त्याने सॉसेज उलटलं.